हत्याराच्या टोकाचा ठाव : लेथच्या इतिहासातील एक जुना प्रश्न

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे, "आपल्या धंद्याविषयी काही लिहून द्या," असा आग्रह धरला. प्रस्तुत लेखक इतिहाससंशोधक नव्हे. ३६ वर्षे लेथवर उभा राहिलेला, आणि निवृत्तीनंतर वाचनाचा छंद लागलेला एक टर्नर आहे. तेव्हा भाषेतील उणिवा ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी पोटात घालाव्यात, ही प्रारंभीच विनंती.

विषय सुचला तो घरातूनच. आमच्या तीर्थरूपांनी घेतलेला बटाला बनावटीचा साडेचार फुटी लेथ आजही आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. त्या एका यंत्रावर तीन बिऱ्हाडे जगली, दोन बहिणींची लग्ने झाली आणि माझे शिक्षणही त्यावरच झाले. गतवर्षी माझ्या पुतण्याने त्याची हाताने फिरवायची चाके काढली, जुन्या स्क्रूंच्या जागी बॉल स्क्रू बसवले, त्यांना स्टेपर मोटारी जोडल्या आणि एका कचेरीतून टाकून दिलेला संगणक शेजारी आणून ठेवला. थोडक्यात, आजोबांच्या लेथचा त्याने घरच्या घरी सीएनसी लेथ केला. माझ्या धाकट्या बंधूस हे मुळीच रुचले नव्हते. पुढे काय घडले ते यथाक्रम येईलच. परंतु यंत्र चालू झाले त्या दिवशी पुतण्याने मला जो प्रश्न विचारला तो येथे नमूद करतो. "काका, टूलचं टोक नेमकं कुठं आहे, हे या यंत्राला सांगायचं कसं?"

मी त्यास म्हटले, "बाबा, हा प्रश्न तुझा नव्हे. लेथ जन्मास आला तेव्हापासूनचा आहे."

आणि ते खरेच आहे. आपल्याकडील जुना कातारी जमिनीवर बसून काम करी. लाकूड दोन टोकांमध्ये धरलेले, दोरी किंवा धनुकली ओढून ते पुढे-मागे फिरवायचे आणि हत्यार हाताने, प्रसंगी पायाच्या अंगठ्याचा आधार देऊन, लाकडास लावायचे. लाकूड आपल्याकडे फिरेल तेवढाच वेळ कापायचे, उलट फिरले की हत्यार मागे घ्यायचे. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांची कीर्ती सर्वत्र आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढविण्याची ती रीत याच परंपरेतील. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जे कातीव, गुळगुळीत खांब आहेत ते पाहिले की कोणाही टर्नरचा हात आपोआप त्यांवरून फिरतो. एवढे वजनदार दगड कोणत्या युक्तीने फिरविले असतील याविषयी जाणकारांत अद्याप मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. सांगावयाचे ते इतकेच की या साऱ्या काळात हत्याराच्या टोकाचा ठाव फक्त एका ठिकाणी होता, कारागिराच्या मनगटात. तो कोठे लिहून ठेवता येत नव्हता आणि दुसऱ्याच्या हाती देताही येत नव्हता. बापाने मुलास दहा वर्षे जवळ बसवावे, तेव्हा कोठे तो थोडाफार उतरावयाचा.

युरोपातही फारसे निराळे नव्हते. टर्नर टेकूवर हत्यार टेकवी आणि खांद्याच्या जोराने लोखंड कापी. फ्रान्समध्ये वोकान्साँ नावाच्या कल्पक यांत्रिकाने १७५० च्या सुमारास हत्यार धरणारी सरकपट्टी असलेला लेथ केला; तो पॅरिसच्या संग्रहालयात आहे. इंग्लंडात जेसी रॅम्सडेन याने शास्त्रीय उपकरणांसाठी स्क्रू कापणारा लेथ १७७० नंतरच्या दशकात बनविला. परंतु ज्याच्या हातून ही गोष्ट कारखान्यात रुजली तो गृहस्थ म्हणजे हेन्री मॉडस्ले. त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्याचे चरित्र आपल्या मुलांनी वाचावे असे आहे.

मॉडस्लेचा जन्म १७७१ सालचा. बालपणीच तो वुलिच येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामास लागला, तेथे सुतारकाम व लोहारकाम शिकला, आणि १८ व्या वर्षी जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्या यंत्रज्ञाने त्यास आपल्याकडे घेतले. ब्रामाचे कुलूप इतके बारकाईचे होते की ते हाताने एकेक करून बनविणे परवडत नव्हते. त्याचे भाग यंत्रावर काढण्याची व्यवस्था मॉडस्लेने केली. कारखान्याचा मुख्य झाल्यावर त्यास आठवड्यास ३० शिलिंग मिळत. कुटुंब वाढले, त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. पगारवाढीच्या अर्जास नकार मिळाल्याने जगाचे कल्याण झाल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण होय!

त्याच सुमारास त्याने जो स्क्रू कापण्याचा लेथ सिद्ध केला तो लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. लोखंडी आणि ताठ पाया; हत्यार घट्ट पकडून सरळ रेषेत नेणारी सरकपट्टी; आणि त्या सरकपट्टीस फिरत्या कामाशी चाकांनी जोडणारा अचूक लीड स्क्रू. हत्यार माणसाच्या हातातून सुटून यंत्राच्या हातात गेले ते येथे. स्क्रूचा एक वेढा म्हणजे टोकाची अमुक इतकी सरक, असे निश्चित झाले. म्हणजेच टोकाच्या ठावास प्रथमच आकड्याचे रूप आले. मॉडस्लेने मोजमापासाठी मेजावर ठेवायचे एक मायक्रोमीटरही केले होते. इंचाच्या दहाहजाराव्या भागापर्यंत निवाडा देणाऱ्या त्या उपकरणास कारखान्यातील लोक "लॉर्ड चॅन्सेलर" म्हणत, कारण त्याच्या निकालावर अपील नसे.

या प्रगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्ट्समथच्या आरमारी गोदीसाठी मार्क ब्रुनेल याने आराखडे केले आणि मॉडस्लेने जहाजाच्या कप्प्या बनविणारी ४५ यंत्रे बांधून दिली. १८०८ पर्यंत ती पूर्ण चालू झाली, आणि जे काम ११० कसबी माणसे करीत ते १० साधी माणसे करू लागली, असे इतिहासग्रंथांत नमूद आहे. उरलेल्या शंभरांचे काय झाले, त्यांनी पुढे पोट कसे भरले, हे मात्र त्या ग्रंथांत बहुधा आढळत नाही. हातावर पोट असणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने ही ओळ वाचताना थोडे थांबावे.

मॉडस्लेच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण मांडले. "व्हिटवर्थचा आटा" हा शब्द आपल्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी होता. तो मनुष्याचे नाव आहे हे फार थोड्यांस ठाऊक असे. १८४८ साली पामर नावाच्या फ्रेंच कारागिराने हाती धरावयाच्या मायक्रोमीटरचे पेटंट घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते अमेरिकेच्या ब्राउन आणि शार्प या दोघांनी पाहिले, आणि मग ते सर्वत्र पसरले. खिशात मावणारे मायक्रोमीटर आल्यावर टर्नरची जी कार्यपद्धती ठरली ती मी शिकलो तेव्हाही तीच होती. एक हलका कट घ्यावा. टूल आडवे न हलविता फक्त लांबीच्या दिशेने बाजूस न्यावे. लेथ थांबवून व्यास मोजावा. जेवढे जास्त भरेल त्याप्रमाणे क्रॉस स्लाइडच्या चकतीवर मोजून टूल आत घ्यावे. टूल आत घेताना चाक नेहमी एकाच बाजूने आणावे. पुढे गेले तर नुसते थोडे मागे करू नये, अर्धा वेढा मागे जाऊन पुन्हा पुढे यावे. कारण स्क्रू आणि नट यांच्यात सैलपणा असतो, आणि तेवढा वेळ चाक फिरते पण टूल जागेवरच राहते. माझ्या उस्तादांनी ही गोष्ट मला शब्दांनी फारशी शिकवली नाही. चाक मागे फिरवताना दिसलो की पाठीत एक बसे.

टूल अनेक झाले की प्रश्न अधिक कठीण होतो. एका नगास बाहेरून कातायचे, तोंड सपाट करायचे, खाच पाडायची, शेवटी तोडून घ्यायचे, तर चार टूले लागतात आणि चौघांची टोके चार निरनिराळ्या ठिकाणी असतात. अमेरिकेत १८४५ च्या सुमारास टरेट लेथ आला. त्यात अनेक टूले एका फिरत्या मनोऱ्यावर बसवीत, आणि प्रत्येकाने कोठवर जावे यासाठी अडसर लावून ठेवीत. हे अडसर लावणारा मनुष्य म्हणजे सेटर. सकाळी दोन तास खपून तो यंत्र लावून देई, पुढे दिवसभर साधा कामगार दांड्या ओढी. माझ्या मते आज संगणकात जो "ऑफसेटचा तक्ता" असतो तो म्हणजे या सेटरचे लोखंडी अडसर कागदावर उतरविलेले होत.

आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेल्या या गृहस्थाने बेळगावास सायकलींचे दुकान काढले, कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. त्याचे लेथ देशभर गेले. तो कारखाना आज चालू नाही, पण त्याचे लेथ कित्येक शेडमध्ये अजून फिरत आहेत. १९५३ मध्ये बंगळुरास स्विस सहकार्याने एचएमटीची स्थापना झाली. बटाला आणि राजकोट येथील लहान कारखानदारांनी स्वस्त लेथ बनवून खेड्यापाड्यांत पोचविले, आणि आमच्यासारख्या भाता-ऐरणीच्या घरांत यंत्र आले ते बहुधा त्यांच्याच कृपेने.

आता समुद्रापलीकडे एका नवीनच विचाराने मूळ धरले. मिशिगनमधील जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती बनवीत असे. पात्याचा वक्र आकार सांगण्यासाठी त्यास केवळ १७ बिंदू दिलेले असत. मधली वळणे कारागिराने अंदाजाने साधावीत. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने पंचकार्डांच्या हिशेबयंत्रावर १७ च्या जागी २०० बिंदू काढले, आणि विशेष म्हणजे प्रत्येक बिंदू कटरच्या त्रिज्येइतका बाजूस सरकवून दिला. कारण कटरचा मध्य आणि कटरची कापणारी कड या दोन गोष्टी भिन्न आहेत. मग दोन माणसे दोन चाकांवर उभी करून, आकडे मोठ्याने वाचून, यंत्र चालविले गेले. माणसाने आकडा ऐकून चाक फिरवायचे, तर मोटारीनेच ते का फिरवू नये? या विचाराचा पाठपुरावा १९४९ पासून अमेरिकी वायुदलाच्या पैशाने सुरू झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने सप्टेंबर १९५२ मध्ये भोकांच्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र जगास दाखविले. पार्सन्स व स्टुलेन यांस १९५८ मध्ये पेटंट मिळाले.

फितीत एक अडचण होती. फीत एकदा भोके पाडून तयार झाली की तीत बदल करणे कष्टाचे. टूलची धार झिजली, टूल बदलले, टोक केसभर इकडचे तिकडे झाले, तर काय करावे? दर वेळी नवी फीत काढणे शक्य नव्हते. म्हणून "काय आकार हवा" आणि "आज टोक कोठे आहे" या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यात आल्या. पहिली फितीत राहिली. दुसरी यंत्रावरील आकड्यांच्या चकत्यांवर, आणि पुढे संगणकाच्या स्मरणात गेली. ही दुसरी गोष्ट म्हणजे ऑफसेट. सीएनसीचा सारा व्यवहार या विभागणीवर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९७१ नंतर सूक्ष्म संगणक-चकत्या आल्या, नियंत्रक लहान व स्वस्त होत गेले, जपानच्या फॅनुकने बाजार व्यापला. परंतु घरच्या शेडपर्यंत ही विद्या आली ती निराळ्या वाटेने. अमेरिकेतील एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९० नंतरच्या दशकात यंत्रे चालविण्याची एक संगणक-प्रणाली लिहिली आणि ती सर्वांस खुली केली. जगभरच्या हौशी व जाणत्या लोकांनी ती जोपासली. २०११ पासून तिचे नाव लिनक्स-सीएनसी असे आहे. ती फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. आमच्या पुतण्याने हीच घेतली.

आता शेडमध्ये येऊ.

स्टेपर मोटारीचा एक वेढा म्हणजे २०० पावले; प्रत्येकाचे दहा भाग केले की २,०००. बॉल स्क्रूचा आटा ५ मिलिमीटरचा, म्हणून एका भागास टूल ०.००२५ मिलिमीटर सरकते, आणि टूल एवढे आत गेले की व्यास ०.००५ ने कमी होतो. हिशेब उत्तम. परंतु या मोटारीस स्वतःचे भान नसते; वीज गेली की आपण कोठे होतो हे ती विसरते. म्हणून प्रथम दोन्ही सरकपट्ट्या एका ठराविक स्विचपाशी नेऊन "घर" दाखवावे लागते. घर पक्के नसेल तर ऑफसेटचा तक्ता हा निव्वळ कागद.

मग एक नंबरचे टूल. उस्तादांनी मला शिकविलेलीच रीत मी पुतण्यास सांगितली. सळईवर हलका कट घे, आडवे न हलविता टूल बाजूस ने, थांबव, मोज. माप आले २४.६२. त्या वेळी यंत्राचा स्वतःचा आडवा आकडा होता उणे ६१.३८. "आता टोक २४.६२ व्यासावर आहे" असे सांगताच संगणकाने वजाबाकी करून उणे ८६.०० हा ऑफसेट तक्त्यात लिहिला. पुढे आज्ञेत २० व्यास म्हटले की सरकपट्टी उणे ६६.०० वर जाऊन उभी राहते. लांबीसाठी तोंड सपाट करून, लांबीची सरकपट्टी न हलविता, ते शून्य असे सांगावे. दुसरे, तिसरे टूल त्याच तोंडास व त्याच व्यासास कागदाची पट्टी मध्ये धरून टेकवावे. कागद ओढताना अडला की टोक कागदाच्या जाडीइतके दूर आहे. जाडी ०.१० असेल तर लांबीस ०.१० धरावे, परंतु व्यासास ०.२० धरावे लागते. त्रिज्या आणि व्यास यांच्या या घोटाळ्यात नवशिके हमखास सापडतात. पुतण्याही एकदा सापडला.

टूलची नाकाडी गोल असते हेही तक्त्यास सांगावे लागते. सरळ व्यास आणि सरळ तोंड यांस त्याने फरक पडत नाही. पण ४५ अंशांची कड मारताना ०.४ त्रिज्येचे नाक सुमारे ०.१६६ मिलिमीटर धातू मागे सोडते. नाकाची त्रिज्या व रोख तक्त्यात लिहून जी-४१ किंवा जी-४२ ही आज्ञा दिली की संगणक आपला मार्ग तितका सरकवितो. हाच तो स्टुलेनचा कटरच्या त्रिज्येचा हिशेब.

इतके सारे यथासांग करून पुतण्याने पहिले बाहेरचे काम घेतले. पंप करणाऱ्या एका कारखान्याच्या ४० पिना. एक बाजू २० व्यासाची, टोकाची बाजू ६ ची, दोन्ही मापांत ०.०२ पेक्षा अधिक चूक चालणार नाही. त्याने २० चे माप मोजले, बरोबर आले. ६ बद्दल यंत्रावर विसंबला. चाळीसच्या चाळीस पिना परत आल्या, कारण टोके बुशात जाईनात. मोजता ६.०६. त्याने ऑफसेट ०.०६ ने कमी करून नव्या ४० केल्या. आता ६ बरोबर आले, पण २० ची बाजू १९.९४ भरली. त्याही परत आल्या. कच्चा माल गेला, मोटारींसाठी पतपेढीचे कर्ज काढलेले, आणि बंधूंनी रात्री जेवताना सांगून टाकले, "वडिलांचा चांगला लेथ याने बिघडवला. आता भंगारवाल्यास देऊ." भंगारवाला एकदा येऊन किलोचा भावही सांगून गेला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. मीही त्या रात्री काही बोललो नाही, कारण उत्तर मजपाशीही नव्हते.

पुतण्याने बॉल स्क्रूवर संशय घेतला, सैलपणा तपासला, संगणकातील आकडे शंभरदा पाहिले. दोष तेथे नव्हता. सकाळी मी नाकारलेल्या पिनांपैकी एक उचलून उजेडात धरली, आणि लहान तोंडाच्या बरोबर मध्यभागी मोहरीएवढे बोंड दिसले. माझ्या पिढीच्या टर्नरास एवढे पुरेसे आहे. टूल मध्यरेषेच्या खाली बसले की तोंड सपाट करताना ते मध्याच्या खालून निघून जाते आणि असे बोंड शिल्लक राहते. खात्रीसाठी जुनी युक्ती केली. चकात गोल सळई धरून, टोक आणि सळई यांच्यामध्ये पोलादी पट्टी हलकेच दाबली. टोक मध्यावर असेल तर पट्टी उभी राहते. ती वरून आमच्याकडे झुकली; म्हणजे टूल खाली. जुना टूलपोस्ट काढून सपाट प्लेटवर १६ मिलिमीटर शँकची टूले बसविताना पुतण्याने खाली ४ ऐवजी साडेतीनची पट्टी घातली होती. अर्धा मिलिमीटर!

एवढ्याने ६ व्यासास ०.०६ चा फरक कसा पडतो, हे त्यास पटेना. मी जमिनीवर खडूने काटकोन त्रिकोण काढला. टूल अर्धा मिलिमीटर खाली असता खरी त्रिज्या म्हणजे कर्ण. आडवे अंतर ही एक भुजा, खालीपणा ही दुसरी. २० व्यासावर कर्ण १०, तर आडवे अंतर ९.९८७५. तेथून यंत्र इमानाने ७ मिलिमीटर आत गेले, म्हणजे राहिले २.९८७५. त्याचा कर्ण ३.०२९, म्हणजे व्यास ६.०५८. व्यास मोठा असता खालीपणा कर्णात जवळजवळ लपतो, लहान होत गेला तसा उघडा पडतो. ऑफसेट ही सरळ रेषेतील बेरीज-वजाबाकी आहे. ती एका व्यासावर ही चूक झाकू शकते, दोन्हींवर नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदीच्या कर्णाचे जे गणित सांगितले आहे त्याहून यात अधिक काही नाही. पुतण्या डिप्लोमाधारक आहे, हे गणित त्यास शाळेपासून येत होते; आणि बोंडाचा अर्थ मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होता. दोघे एकाच लेथजवळ आठ दिवस उभे होतो, पण त्याचा आकडा आणि माझे बोंड यांची गाठ पडली नव्हती. त्याने मजकडे पिन आणली नाही, आणि मीही संगणक दिसला की बाजूस होत होतो, ही माझीच चूक.

दुपारी आम्ही प्रत्येक टूलखाली नवी पट्टी घालून उंची एकेक करून पाहिली. तोडणीच्या टूलखाली पट्टीबरोबर ब्लेडचा एक तुकडाही घालावा लागला. उंची बदलल्यावर जुना तक्ता निरुपयोगी झाला. तो पुसून सर्व ऑफसेट पहिल्यापासून घेतले. या वेळी मोजणी मी केली आणि आकडे त्याने भरले. पहिली पिन निघाली तेव्हा बंधू दारात येऊन उभे होते. २० ची बाजू २०.००, टोक ६.००५, आणि तोंडावर बोंड नाही. बंधूंनी मायक्रोमीटर माझ्या हातून घेऊन स्वतः दोनदा मोजले व काही न बोलता परत दिले.

त्या ४० पिना कारखान्याने ठेवून घेतल्या. पुढील महिन्यात भंगारवाला सांगितल्याप्रमाणे हातगाडी घेऊन आला, तेव्हा बंधूंनी त्यास कोपऱ्यातील ८० बिघडलेल्या पिनांची पोती वजन करून दिली.